‘बसतो की, ताई!’

कासाराकडे बांगड्या भरायला गेलं की आपण नुसता हात पुढे करतो. कासार मनगटाकडे बघतच नाही. तो पंजा दाबून बघतो, अंगठ्याखालचा उंचवटा चाचपतो आणि म्हणतो, ‘दोन-सहा.’ दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांतले सहा. हा हिशेब किती जणींना माहीत असेल कोण जाणे, पण आपलं माप मात्र आपल्याला पाठ असतं. दोन-आठची बांगडीही हातात जाते. उलट जास्त सहज जाते! म्हणून ती कुणी घेते का? भांडी घासताना निसटते आणि मोरीत फुटते, हे आपल्याला ठाऊक असतं.

आता दारात उभ्या असलेल्या चारचाकीच्या टायरचं माप सांगा बरं!

‘ते यांना माहीत,’ असं बहुतेक घरांतून उत्तर येतं. आणि यांना विचारलं तर, ‘ते टायरवाल्याला माहीत.’ म्हणजे पंधरा-वीस हजारांची खरेदी, जिच्या भरवशावर घरातली पाच माणसं घाट उतरतात, ती करताना घरात कुणालाच माप ठाऊक नसतं. दोनशे रुपयांच्या ब्लाऊजपीसला आपण तीन दुकानं फिरतो. टायरच्या दुकानात मात्र गाडी लावायची, चहा प्यायचा, आणि दुकानदार जे चढवील ते घेऊन यायचं.

मैत्रिणींनो, टायर हा काही या पानावरचा विषय नव्हे, असं तुमच्या मनात आलं असेल. पण आमच्या वेरूळमध्ये तो थेट चुलीचा विषय आहे. बाहेरच्यांना वेरूळ म्हणजे लेणी आणि घृष्णेश्वर. गावातल्या आणि खुलताबादच्या कितीतरी घरांचा संसार मात्र भाड्याच्या गाड्यांवर चालतो. संभाजीनगरच्या स्टेशनावरून, विमानतळावरून पाहुणे आणायचे, दौलताबादचा किल्ला, भद्रा मारुती, लेणी, ज्योतिर्लिंग असा फेरा करायचा आणि संध्याकाळी परत सोडायचं. श्रावणात तर उसंतच नसते. या गाड्यांचे हप्ते पुष्कळदा घरातल्या बाईच्या बचतीतून जातात. आमच्या बचत गटातून कर्ज घेतलेल्यांमध्ये ‘गाडीची दुरुस्ती’ हे कारण दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी लिहितंच. आणि त्या दुरुस्तीत सगळ्यांत मोठा आकडा असतो टायरचा.

गेल्या उन्हाळ्यात गटातल्या एक ताई अशाच टायरसाठी कर्ज घेऊन शहरात गेल्या. घरची डिझायर, नवरा दुसऱ्या एका गाडीवर नाशिकला गेलेला, म्हणून पुतण्याला घेऊन ह्याच गेल्या. दुकानदारानं टायर काढून दाखवले. प्रत्येकी काही शे रुपयांनी स्वस्त. ताईंनी सहज जुन्या टायरवरचे आकडे आणि नव्यावरचे आकडे ताडून पाहिले. जुन्यावर १६५/८० आर १४. नव्यावर १६५/६५ आर १४.

‘भाऊ, इथं ऐंशी हाय अन् इथं पासष्ट. पंधरा कुठं गेले?’

‘ते काही नसतं ताई. चौदाचाच आहे, बसतो की! बिनधास्त घेऊन जा. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.’

ताई टायर न घेताच परत आल्या. घरी बोलणी खाल्ली, की एक दिवसाचं भाडं बुडालं आणि टायर तर आणलेच नाहीत. पण पुढच्या बैठकीत त्यांनी तो ‘पंधरा कुठं गेले’चा प्रश्न आमच्यापुढे टाकला. त्या दिवशी आमची बैठक कर्जवाटप सोडून टायरवरच रंगली. शेवटी सगळ्या जणी बाहेर येऊन गाडीशेजारी उकिडव्या बसलो आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. तो इथे सांगते. सातवीचं गणित आहे, घाबरू नका.

१६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. १४ म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचा, ज्याला गॅरेजवाले डिस्क किंवा रिम म्हणतात, त्याचा व्यास, आणि तो इंचात. मधला ‘आर’ म्हणजे रेडियल, आतल्या धाग्यांच्या विणीचा प्रकार. आणि ८०? हाच खरा गोंधळ घालणारा आकडा. ही टक्केवारी आहे. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, ते. एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच, तिन्ही. कुणी बसवलं हे माप देव जाणे! साडीची लांबी मीटरमध्ये, काठ इंचात आणि पदर टक्क्यांत सांगितला तर कसं होईल, तसंच.

तर १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. ही झाली रबराच्या भिंतीची उंची. चाकाच्या वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून दुप्पट, २६४. त्यात १४ इंचाच्या रिमचे ३५५.६ मिळवले की अख्ख्या चाकाची उंची आली, साधारण ६२० मिलिमीटर.

आता दुकानदाराचा टायर. १६५ चे ६५ टक्के म्हणजे १०७. दुप्पट केले, रिम मिळवली, की होतात ५७०. ताईंचे पंधरा सापडले. चाक पन्नास मिलिमीटरनं, म्हणजे जवळजवळ दोन इंचांनी लहान झालं होतं.

दुकानदार खोटं बोलला का? तर नाही. टायर बसलाच असता. भोक १४ इंचाचं, रिम १४ इंचाची, न बसायला काय झालं? हा टायर वाईटही नव्हे. हेच माप ग्रँड आय-टेन गाडीला कंपनीनंच दिलेलं होतं, आणि त्या गाडीला ते शोभतं. पण ते माप त्या गाडीचं, डिझायरचं नव्हे. तसाच १६५/७० आर १४ हा वॅगन-आरच्या मोठ्या इंजिनाच्या मॉडेलचा टायर. तोही डिझायरच्या रिमवर चढतो, आणि दुकानात शिल्लक असला तर चढवला जातोही. ‘चौदाचा आहे’ एवढ्या एका वाक्यावर ही सगळी उलाढाल चालते.

लहान चाकानं बिघडतं काय, हे बायकांना पटकन कळलं. पहिली गोष्ट, गाडी खाली बसते. चाक दोन इंचांनी लहान म्हणजे गाडीचं पोट एक इंचानं खाली. आमच्याकडे गावागावांतले गतिरोधक कसे आहेत हे तुम्हाला सांगायला नकोच. पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन गेलं की आधीच खालून घासतं, त्यात आणखी एक इंच गेला.

दुसरी गोष्ट मीटरची. चाक लहान झालं की तेवढंच अंतर जायला त्याला जास्त फेरे मारावे लागतात. गाडीचा मीटर बिचारा फेरेच मोजतो. त्याला काय ठाऊक, मालकानं चाक बदललंय! म्हणून शंभर किलोमीटर गाडी चालली की मीटरवर एकशे आठ-नऊ पडतात. हे ऐकल्यावर त्या ताईच म्हणाल्या, ‘म्हंजे पाव्हण्याला शंभराचे एकशे आठ लावायचे? लबाडीच झाली की ती!’ एका दुसरीनं लगेच पुस्ती जोडली, ‘अन् आपन दुसऱ्याची गाडी किलोमीटरवर घेतली, तर आपल्यालाच की ती.’ लग्नाला, देवदर्शनाला गाडी ठरवणाऱ्या सगळ्याच जणींनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. गाडी विकताना त्याच मालकाला हे जास्तीचे किलोमीटर नडतात, आणि सर्व्हिसिंगही लवकर येतं, तो भाग वेगळा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि तीच दुकानात कधी बोलली जात नाही. मापाच्या पुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. डिझायरच्या या टायरवर ते बहुधा ८५ टी असं असतं. ८५ म्हणजे ८५ किलो नव्हे. तो ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे, आणि त्याचा अर्थ, हा एक टायर ५१५ किलो ओझं पेलू शकतो. दुकानदाराच्या टायरवर होतं ७९. त्याचा अर्थ ४३७ किलो. एका चाकामागे ७८ किलो कमी, चार चाकांचे मिळून तीनशे बारा. भाड्याच्या गाडीत पाच माणसं, त्यांच्या बॅगा, घृष्णेश्वरचा प्रसाद, आणि पैठणीची खरेदी झाली असेल तर त्या पिशव्या! टायरला झेपेल त्याहून जास्त ओझं पडलं की त्याची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, दबली की तापते, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात रस्ता आधीच तव्यासारखा असतो. टायर फुटला की लोक म्हणतात उन्हानं फुटला. ऊन तर सगळ्यांच्याच टायरला लागतं हो.

शेवटचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किलोमीटरपर्यंत तो टायर टिकेल अशी कंपनीची हमी. एवढ्या वेगानं कुणी जाऊ नये आणि आपल्या रस्त्यांवर जाताही येत नाही. पण ते अक्षर टायर उष्णता किती सोसेल याचंही माप असतं, म्हणून आहे त्यापेक्षा खालचं अक्षर घेऊ नये.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की दाराच्या चौकटीवर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर असतं. त्यावर त्या गाडीचं टायरचं माप आणि हवा किती भरायची ते लिहिलेलं असतं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातही असतं. ते पुस्तक बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर आलेलंच नसतं, ही गोष्ट निराळी. जुन्या टायरवरचा आकडा बघून नवा घेऊ नका, कारण जुना आधीच्या मालकानं चुकीचा बसवलेला असू शकतो. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी तर स्टिकरच बघावं. आम्ही त्या दिवशी वाटेत उभ्या असलेल्या सहा-सात गाड्यांची स्टिकरं वाचली. एका गाडीच्या पुढच्या दोन टायरांचं माप मागच्या दोघांशी जुळत नव्हतं, आणि मालकाला त्याचा पत्ताच नव्हता!

स्टिकरवर कधी कधी दोन मापं असतात. ते का, हेही समजून घेण्यासारखं आहे. स्विफ्ट घ्या. तिच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि महागड्या मॉडेलला १८५/६५ आर १५ असे टायर येतात. बघताना केवढा फरक वाटतो! पण मघाचंच गणित करा. १८५ चे ६५ टक्के १२०, दुप्पट २४०, त्यात १५ इंचाचे ३८१. बेरीज ६२१. तिकडे ६२०, इकडे ६२१. रिम मोठी झाली, तर रबर तेवढंच कमी केलं, आणि बाहेरची उंची जिथल्या तिथे ठेवली. म्हणजे कंपनीसुद्धा जिथे माप बदलते तिथे ही एक गोष्ट सोडत नाही. आपणही सोडू नये. उंचीतला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत, ओझ्याचा आकडा कंपनीच्या टायरएवढा किंवा त्याहून जास्त, आणि रुंदी आपल्या रिमला पेलेल एवढीच. या तीन गोष्टी जमल्या तरच दुसऱ्या मापाचा विचार करावा. नाहीतर दारावरचं माप मागावं आणि ते मिळेपर्यंत थांबावं. ताईंना त्यांचं माप दुसऱ्या दुकानात चार दिवसांनी मिळालं. तेवढे चार दिवस गाडी गावातल्या गावात फिरली.

आता थोडं पुरुष मंडळींच्या हौसेबद्दल. ‘रुंद टायर टाकू, गाडी रुबाबदार दिसते, रस्ता धरून चालते,’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय! यात सगळंच खोटं नाही. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर वळणाला रुंद टायर पकड देतो. पहिल्या स्विफ्टच्या, म्हणजे २००५ सालच्या, वरच्या मॉडेलला १८५/७० आर १४ टायर होते. ते माप गणितात बसतं, उंची ६१५ येते, ओझंही जास्त पेलतं. तेवढं कुणाला हवंच असेल तर रिमची रुंदी बघून, पुस्तक वाचून घ्यावं. पण रुंद टायरनं स्टिअरिंग जड होतं, पेट्रोल थोडं जास्त जातं, आणि पावसात साचलेल्या पाण्यावरून जाताना रुंद टायर पाणी कापण्याऐवजी त्यावर तरंगायला लागतो. अरुंद टायर पाणी चिरून रस्त्याला टेकतो. आणि वर मोठी चकचकीत रिम, खाली पापडासारखा पातळ टायर, ही जी नवी फॅशन आहे ती आमच्या रस्त्यांवर मला तरी शुद्ध वेडेपणा वाटते. खड्ड्याचा मार खायला रबरच उरत नाही. तो रिम खाते, मग गाडी, मग आपली कंबर.

माझं तर उलटच मत आहे. खालच्या मॉडेलचा ‘बारका’ टायर म्हणून आपण ज्याला नाकं मुरडतो, त्या १६५/८० ची भिंत १३२ मिलिमीटर उंच असते, महागड्या मॉडेलची १२०. खुलताबादहून वेरूळकडे उतरताना, कन्नडच्या घाटात, पावसाळ्यानंतरच्या कुठल्याही गावरस्त्यावर तो बारा मिलिमीटरचा जास्तीचा रबर आपल्या कामाचा. लहान गावात राहणाऱ्यांसाठी स्वस्त मॉडेलचा टायरच जास्त शहाणा आहे, असं मी म्हटलं तर आमच्या घरातलेही हसतात. हसू देत!

सासूबाईंच्या वेळी रस्ता एकच होता, आता आमच्या जवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा उघडला. ७०१ किलोमीटर, सिमेंटचा, सपाट भागात कारला ताशी १२० ची मुभा. माळीवाड्याला चढलं की गाडी नुसती पळत सुटते. इतका वेळ, इतक्या वेगानं, न थांबता आपल्या गाड्या यापूर्वी कधी चालल्याच नव्हत्या. गावात वर्षानुवर्षं खपून गेलेला चुकीचा टायर तिथे तासाभरात आपलं खरं रूप दाखवतो. घासलेल्या टायरच्या गाड्या तिथल्या नाक्यांवर अडवल्याही गेल्या आहेत. अर्थात सगळं पाप टायरच्या माथी मारायचं असंही नको. १ जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस माणसं गेली, तेव्हा आधी टायर फुटल्याचं सांगण्यात आलं. पुढे परिवहन विभागाच्या अहवालात तसा पुरावा सापडला नसल्याचं म्हटलं होतं. ‘टायर फुटला’ हे फार सोयीचं कारण आहे. टायर बिचारा बोलत नाही.

टायर गुळगुळीत झालाय की नाही हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. नक्षीच्या खोबणीत मधेमधे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायरचे दिवस भरले. आणि वय? टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडे कोरलेले असतात. समजा २३२४ असेल, तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण डोळे फाडून बघतो, ही पण बघा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून घेऊ नका. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांनी दिसायला चांगला असला तरी काढावा, असं मोठ्या टायर कंपन्या सांगतात. आपल्याकडे गाडी फारशी न फिरवता अंगणात ठेवणारे पुष्कळ. त्यांची नक्षी शाबूत असते, पण भिंतीला टाचेसारख्या भेगा पडलेल्या असतात.

चारही टायर एकदम घेणं परवडत नाही, हे मला माहीत आहे. मग दोन घ्या, पण जोडीनं. एका आसावर दोन वेगळ्या मापांचे, वेगळ्या कंपन्यांचे टायर नकोत. आणि नवी जोडी मागे लावा. इथे प्रत्येक मेकॅनिक वाद घालतो, तो म्हणतो पुढे लावा, इंजिन पुढे आहे. पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी गरगर फिरते आणि सावरत नाही. पुढची सुटली तर निदान कळतं तरी, पाय उचलता येतो. टायर बनवणारेही नवी जोडी मागेच लावायला सांगतात.

बिल घ्या, हे सांगायला नको, तरी सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो आपल्या बिलात दिसला पाहिजे. बिलावर नुसतं ‘टायर ४ नग’ असं नको. पूर्ण माप, ओझ्याचा आकडा, अक्षर आणि तयार झाल्याची तारीख लिहून मागा. दुकानदार कुरकुरतो. कुरकुरू द्या. टायरवर आयएसआयची खूण असते, कारच्या टायरला आयएस १५६३३, तीही बघून घ्या. हा आग्रह धरल्यावर ‘बसतो की’चा सूर आपोआप खाली येतो, असा आमच्या गटातल्या दोघी-तिघींचा अनुभव आहे. मला वाटतं, दुकानदारांनी हे न मागताच लिहून द्यायला हवं. वाळूजला टायरचा एवढा मोठा कारखाना, आपल्याच जिल्ह्यातली माणसं तिथे टायर घडवतात, आणि त्याच जिल्ह्यात गिऱ्हाइकाला माप सांगायला दुकानदार टाळतो, हे बरं दिसत नाही.

ज्यांच्याकडे चारचाकी नाही त्यांनी पान उलटू नका. तुमच्या स्कूटीवरही हेच आकडे आहेत. पूर्वीपासूनच्या अॅक्टिव्हाला ९०/१००-१० असा टायर असतो. ९० मिलिमीटर रुंद, १०० टक्के म्हणजे भिंतही ९० मिलिमीटरच उंच, आणि १० इंचाची रिम. काही नव्या मॉडेलांत पुढचं चाक १२ इंचाचं आलंय, त्यामुळे पुढचा टायर मागे आणि मागचा पुढे हा पंक्चरवाल्याचा जुना खाक्या तिथे चालत नाही. सणासुदीला मुलीला मागे बसवून निघताना एकदा वाकून बघा.

हवेबद्दल दोनच शब्द. पंपावरचा मुलगा ‘पस्तीस भरू का?’ असं विचारतो, आणि आपण ‘भर बाबा’ म्हणतो. किती भरायची ते दारावरच्या स्टिकरवर आहे. पूर्ण माणसांचं वेगळं, एक-दोन माणसांचं वेगळं, असं दोन्ही बऱ्याचदा लिहिलेलं असतं. टायरच्या भिंतीवर जो हवेचा मोठा आकडा दिसतो ती टायरची कमाल मर्यादा आहे, ती भरायची नसते. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची.

राहिली स्टेपनी. गंमत म्हणजे हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला. तिथे १९०४ मध्ये पहिल्यांदा असं जादा चाक तयार झालं. आपल्याकडे मात्र तो शब्द चारचौघांत कुजबुजून दुसऱ्याच अर्थानं वापरला जातो, तो अर्थ बाजूला ठेवू. आपली स्टेपनी डिकीत तळाला पडलेली असते, तिच्यावर चटई, छत्री, मुलांचे जुने बूट. चार टायर नवे घेतले की दुकानदार जुन्यातला बरा टायर स्टेपनीवर चढवतो. तो कुठला ते बघा. बऱ्याच गाड्यांत वरच्या मॉडेलला मोठी रिम देऊन स्टेपनी मात्र खालच्या मॉडेलच्या मापाची देतात. ती पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू नेण्यापुरती असते, त्यावर वेगाची मर्यादाही लिहिलेली असते. ती तशीच महिनाभर वापरू नये. तिची हवा तर बहुतेक घरांत गाडी घेतल्यापासून कुणी तपासलेलीच नसते. घाटात रात्री चाक बदलायची वेळ आली आणि स्टेपनीच चपटी निघाली, तर फोन कुणाला करायचा, तेवढं तरी आधी ठरवून ठेवा.